सी. डिफवर काम करायला येताय?

पहिल्याच आठवड्यात लॅबमधल्या सीनियर ताईने अ‍ॅनेरोबिक जार उघडायला घेतला आणि म्हणाली, "प्लेट मुद्दाम हुंगायची नाही, नियम म्हणजे नियम. पण झाकण निघताना जे नाकात शिरेल ते लक्षात ठेव. रेसकोर्सच्या बाजूने जाताना तबेल्याचा वास येतो ना, तो आला तर समज जंतू वाढलाय." आला. घोड्याच्या लिदीसारखा, पॅरा-क्रेसॉल नावाच्या रसायनामुळे येणारा तो वास. संध्याकाळी पीएमपीएमएलच्या बसमध्ये शेजारच्या काकू उठून पुढच्या सीटवर गेल्या, त्या माझ्यामुळेच गेल्या असं मला कात्रजपर्यंत वाटत राहिलं.

जंतूचं पूर्ण नाव क्लॉस्ट्रिडिऑइडीस डिफिसाइल. २०१६ पर्यंत तो क्लॉस्ट्रिडियम होता, म्हणून जुन्या पेपरांत तेच नाव दिसेल. बोलताना सगळे सी. डिफ म्हणतात. या जंतूचे काही स्ट्रेन, म्हणजे पोटप्रकार, माणसाला अंथरुणाला खिळवतात, काही जीव घेतात आणि काही आतड्यात नुसते पडून असतात, ते का, हे मोजण्याचं माझं काम. इंग्रजीत व्हिरुलन्स म्हणतात त्याला मी विखार म्हणते. माझ्या गाइड मॅडमना तो शब्द फार नाटकी वाटतो, पण "रोगकारकता" म्हणताना माझी जीभ वळत नाही.

दर जून-जुलैमध्ये एमएस्सी झालेली दोन-चार मुलं विचारायला येतात की या विषयात यावं का, काय वाचावं, काय शिकून यावं. तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढते.

आधी जंतूची तोंडओळख, थोडक्यात. रुग्णालयात दाखल झालेला, बहुधा वयस्कर माणूस. न्यूमोनिया किंवा शस्त्रक्रियेसाठी त्याला अँटिबायोटिक्स दिलेली. त्या औषधांनी आतड्यातली नेहमीची वस्ती उठते, रिकाम्या जागेत सी. डिफ पसरतो, टॉक्सिन, म्हणजे विष, सोडतो आणि जुलाब सुरू होतात. पार टोकाला गेलं तर आतड्याच्या आतून पिवळसर पापुद्रे धरतात आणि मोठं आतडं फुगतं. १९३५ साली हा जंतू पहिल्यांदा सापडला तो नवजात बाळांच्या शीमध्ये, आणि ती बाळं ठणठणीत होती. वाढवायला त्रास देतो म्हणून नाव डिफिसाइल. जुलाबांशी त्याचा संबंध लागायला १९७८ उजाडावं लागलं. आजही तान्ह्या बाळांच्या पोटात तो सर्रास असतो, त्यामुळे एक वर्षाच्या आतल्या बाळाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर घाबरायचं नसतं. माझ्या मावसबहिणीला हे फोनवर समजावताना माझा अर्धा तास गेला होता.

कोरोनापासून लोकांचा सॅनिटायझरवर भलता विश्वास बसलाय. इथे तो विसरा. सी. डिफ बीजाणू, म्हणजे टणक कवचातलं झोपलेलं रूप, करतो आणि बीजाणूंना अल्कोहोल काही करत नाही. उलट आम्ही स्टूल सॅम्पलमधून त्याला वेगळा काढतो तेच मुळी अल्कोहोल घालून. सॅम्पलइतकंच इथेनॉल मिसळायचं, तासभर ठेवायचं, बाकीचे बरेचसे जंतू मरतात आणि हा बीजाणूंच्या रूपात शिल्लक राहतो. म्हणून हात साबण-पाण्याने धुवायचे, ओटा ताज्या पातळ केलेल्या हायपोक्लोराइटने पुसायचा आणि द्रावण दहा मिनिटं तरी ओलं राहू द्यायचं. आणखी एक. दाताच्या डॉक्टरांनी तुम्हाला अँटिबायोटिक लिहून दिलं तर गाइडना सांगा आणि तो आठवडा डेटा एंट्री करा. तरुण, धडधाकट माणसाला या जंतूपासून फारसा धोका नसतो, पण त्या आठवड्यात तुमचं आतडं ते तरुण, धडधाकट आतडं राहिलेलं नसतं.

वाढवायचं कसं, हे पुस्तकात सापडेल. पुस्तकात न सापडणारं सांगते. अ‍ॅनेरोबिक चेंबरमध्ये नायट्रोजन, दहा टक्के हायड्रोजन आणि थोडा कार्बन डायऑक्साइड असतो. हायड्रोजन आणि चुकून शिरलेला ऑक्सिजन यांचं पाणी करायला पॅलेडियमचा कॅटॅलिस्ट असतो. तो दमट होतो, जंतूंनी सोडलेल्या हायड्रोजन सल्फाइडने निकामी होतो, आणि कोणालाच आठवत नाही की तो ओव्हनमध्ये भाजून पुन्हा ताजा करायचा असतो. वाढ नीट होत नसेल तर मीडियमला (जंतूंच्या खाण्याला) शिव्या देण्याआधी कॅटॅलिस्ट शेवटचा कधी भाजला ते विचारा. प्लेट आदल्या रात्रीच चेंबरमध्ये ठेवा, म्हणजे तिच्यातला ऑक्सिजन निघून जातो. बीजाणू उगवायला मीडियममध्ये टॉरोकोलेट लागतं. हे पित्तातलं क्षार. आतड्यात ते आयतं मिळतं, प्लेटवर आपण घालायचं. मग ४८ तास चेंबरला हात लावायचा नाही. रक्त घातलेल्या प्लेटवरच्या कॉलनी अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली पोपटी-पिवळ्या चमकतात, आणि ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी खरंच टाळ्या वाजवल्या होत्या.

आता मुद्द्याचं, स्ट्रेन-स्ट्रेनमध्ये फरक असतो म्हणजे नेमका कशात.

मुख्य शस्त्रं दोन, टॉक्सिन ए आणि टॉक्सिन बी. दोन्ही अवाढव्य प्रथिनं. पेशीत शिरून ती रो गटाच्या छोट्या स्विच-प्रथिनांवर ग्लुकोजचा एक रेणू चिकटवतात, स्विच बंद पडतात, पेशीचा सांगाडा ढासळतो आणि पेशी गोल होते. ही दोन्ही जनुकं आणि त्यांची नियंत्रणं डीएनएच्या सुमारे १९.६ हजार अक्षरांच्या एका पट्ट्यात एकत्र बसलेली असतात. हा पट्टाच ज्या स्ट्रेनमध्ये नसतो, तिथे त्या जागी फक्त ११५ अक्षरं असतात. तो स्ट्रेनही सी. डिफच, वासही तोच, कॉलनीही तशीच, पण टॉक्सिन शून्य. माझ्या पहिल्या पाच स्थानिक आयसोलेटमधला, म्हणजे सॅम्पलमधून वेगळ्या काढलेल्या जंतूंमधला, एक असाच निघाला. तीन आठवडे मी त्याच्यात टॉक्सिन शोधत होते, कारण पीसीआर (जनुक आहे का ते बघणारी चाचणी) आधी करावा हे सुचलंच नव्हतं. तुम्ही आधी करा.

मग रायबोटाइप ०१७. (रायबोटाइप म्हणजे डीएनएच्या खुणांवरून स्ट्रेनला दिलेला क्रमांक.) यात टॉक्सिन ए नसतो, बी असतो. पूर्वी काही किट फक्त टॉक्सिन ए शोधायचे, त्यांना हा दिसायचाच नाही, आणि रुग्णाला मात्र पूर्ण आजार. आशियात हा प्रकार बराच आढळतो, म्हणून आपल्याकडे काम करताना किट काय पकडतो हे त्याच्या आतल्या कागदावर वाचलेलं बरं. ०७८ हा डुकरांमध्ये भरपूर सापडणारा. त्याच्यात आणि ०२७ मध्ये तिसरं शस्त्र असतं, बायनरी टॉक्सिन. ते अ‍ॅक्टिनवर, म्हणजे पेशीच्या सांगाड्यातल्या प्रथिनावर, वेगळ्याच पद्धतीने घाव घालतं.

आणि ०२७. २००३ च्या आसपास कॅनडातल्या क्वेबेकमध्ये आणि इंग्लंडच्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात या स्ट्रेनने हाहाकार उडवला. तो फ्लुरोक्विनोलोन औषधांना दाद देत नव्हता, आणि तीच औषधं तेव्हा सगळीकडे दिली जात होती. वाचायला बसाल तेव्हा गोंधळ होईल, कारण याची नावं बरीच. एका पद्धतीने टाइप केला की ०२७, दुसरीने एनएपी१, तिसरीने बीआय, जनुकक्रमाने टाइप केला तर एसटी१. आपल्याकडे माणूस घरी बंडू, शाळेच्या दाखल्यावर दत्तात्रय आणि ऑफिसात कुलकर्णी असतो, तसंच. चार माणसं नाहीत, एकच आहे. हा तक्ता पहिल्या दिवशी टेबलासमोर चिकटवा.

२००५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला आकडा सगळे सांगतात: ०२७ प्रयोगशाळेत इतरांपेक्षा १६ पट टॉक्सिन ए आणि २३ पट टॉक्सिन बी बनवतो. मीही मुलाखतीत ठोकून दिला होता. पॅनेलवरच्या एका सरांनी मान हलवली आणि मला वाटलं, झालं, लागली नोकरी. लागलीही. पण त्या आकड्यावर पोट भरून झोपायचं नसतं हे मला पुढच्या वर्षी कळलं, आणि ते फार वाईट पद्धतीने कळलं.

माझ्याकडे तुलनेला दोन स्ट्रेन होते. एक ६३०, १९८२ साली झुरिकमधल्या रुग्णाचा, जगभर सगळे वापरतात तो. दुसरा आर२०२९१, म्हणजे स्टोक मँडव्हिलचा ०२७. दोन्ही वाढवायचे, २४ तासांनी वरचं पाणी घ्यायचं, वेरो पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या माकडाच्या पेशी) घालायचं आणि किती पातळ करेपर्यंत पेशी गोल होतात ते बघायचं. सोबत अँटिटॉक्सिन घातलेला कंट्रोल. त्याने गोल होणं थांबलं तरच दोष टॉक्सिनचा. प्रयोग सोपा आहे. उत्तरही झकास आलं. आर२०२९१ कुठल्या कुठे पुढे! मी आलेख रंगवला, लॅब मीटिंगला दाखवला.

मॅडमनी चहाचा घोट घेतला. "कुठल्या तासाला?"

"चोविसाव्या, मॅडम."

"दोघंही चोविसाव्या तासाला एकाच वयाचे होते?"

मी वाढीचा आलेख काढलाच नव्हता. सी. डिफ टॉक्सिन बनवतो तो मुख्यतः वाढ थांबत आल्यावर, खाणं संपत आल्यावर. माझा आर२०२९१ रात्रभर वाढलेल्या स्टार्टरमधून घेतलेला, म्हणजे म्हातारपणाकडे लवकर पोचलेला. ६३० ताज्या प्लेटवरून उचललेला, अजून उमेदीत. मी दोन स्ट्रेनची तुलना करत नव्हते, एका आजोबांची आणि एका नातवाची करत होते.

त्याहून वाईट गोष्ट मॅडमनी वही मागितली तेव्हा बाहेर आली. त्या आठवड्यात गुरुवार आडवा आला होता. पुण्यात राहणाऱ्याला गुरुवार म्हणजे काय ते सांगायला नको. दुरुस्तीसाठी पाणी बंद, कधी वीजही. पाणी नाही म्हणून ऑटोक्लेव्ह नाही, ऑटोक्लेव्ह नाही म्हणून ट्रिप्टोन-यीस्टचं नवं मीडियम नाही. उरलेल्या बाटल्या आर२०२९१ ला पुरल्या. ६३० साठी मी कपाटातलं तयार ब्रेन हार्ट इन्फ्युजन घेतलं. सगळे जंतू वाढतात की त्यात. वाढतातच, पण त्यात लिटरला दोन ग्रॅम ग्लुकोज असतं, आणि ग्लुकोज असेपर्यंत सी. डिफ टॉक्सिनची जनुकं दाबून धरतो. पोट भरलेलं असताना भांडायला कोण उठतं?

म्हणजे माझा तो सुंदर आलेख पुणे महानगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याचा होता.

पुन्हा केलं. तेच मीडियम, त्याच दिवशी बनवलेलं, स्टार्टरचं वय सारखं, सुरुवातीची ओडी (द्रावणाचा गढूळपणा) सारखी, दर काही तासांनी सॅम्पल, आणि टॉक्सिनचा आकडा जंतूंच्या संख्येने भागलेला. त्यात नेमका अनंत चतुर्दशीचा दिवस आला. रस्ते बंद, मिरवणुकीचे ढोल, आणि मी अलका चौकातून वाट काढत रात्रीच्या सॅम्पलसाठी चालत. फरक उरला, आर२०२९१ च पुढे होता. पण आधीच्या आलेखातला निम्म्याहून अधिक फरक विरघळून गेला. नंतर वाचताना दिसलं की बाकीच्यांचंही थोडंफार असंच झालंय. २००५ च्या आकड्यांनंतर इतर प्रयोगशाळांनी मोजलं तेव्हा फरक बऱ्याचदा त्याहून लहान आला, आणि एकाच रायबोटाइपच्या दोन आयसोलेटमध्येही अंतर निघालं. "०२७ भरभरून बीजाणू करतो" याचीही हीच कथा. एका गटाला तसं दिसलं, दुसऱ्याने जास्त स्ट्रेन घेऊन पाहिलं तर रायबोटाइपप्रमाणे काही सुसंगत दिसेना.

मला या विषयात सगळ्यात आवडणारी गोष्ट आता सांगते. २००९ मध्ये डेना लायरास यांच्या गटाने ऑस्ट्रेलियातून दाखवलं की हॅमस्टरला (उंदरासारखा छोटा प्राणी) मारायला टॉक्सिन बी लागतो, एकट्या ए वर काम भागत नाही. २०१० मध्ये नायजेल मिंटन यांच्या नॉटिंगहॅमच्या गटाने दाखवलं की एकटा ए सुद्धा मारतो. दोन्ही निष्कर्ष नेचर या नियतकालिकात. आणि दोन्हीकडचे स्ट्रेन एकाच ६३० चे वंशज! वेगवेगळ्या प्रयोगशाळांत एरिथ्रोमायसिनचा प्रतिकार गमावेपर्यंत पिढ्यानपिढ्या वाढवलेले दोन भाऊ. पुढे त्यांचे जीनोम शेजारी ठेवून पाहिले तर वाटेत जमलेले बारीक बारीक बदल सापडले. एक भाऊ तर पोहायचंच विसरला होता. म्हणजे ट्यूबवर "६३०" एवढंच लिहिलेलं असेल तर ती ट्यूब जवळजवळ बेवारस आहे. कुठल्या संग्रहातून आली, कोणी दिली, कितवी पिढी, हे सगळं लिहा. आमच्या मायनस ऐंशीच्या फ्रीजरमध्ये अजूनही माझ्या आधीच्या कोणाच्यातरी हातचं "सीडी चांगला" असं लिहिलेला डबा आहे. फेकायचा धीर होत नाही, वापरायचा तर अजिबातच नाही.

टीसीडीसी जनुकाचाही असाच घोळ. ०२७ मध्ये ते तुटलेलं असतं: १८ अक्षरं गायब, शिवाय ११७ व्या जागी एक अक्षर गळालेलं. हे जनुक टॉक्सिनला लगाम घालतं, लगाम तुटला म्हणून ०२७ उधळला, असं सोपं स्पष्टीकरण बरीच वर्षं चाललं. २०११ मध्ये एका गटाने ०२७ मध्ये चांगली प्रत प्लास्मिडवरून (गुणसूत्राबाहेरची डीएनएची छोटी कडी) घातली तर टॉक्सिन कमी झालं. २०१२ मध्ये दुसऱ्यांनी थेट गुणसूत्रावरच दुरुस्ती केली तर काहीच फरक पडला नाही. प्लास्मिडवर जनुकाच्या अनेक प्रती असतात, गुणसूत्रावर एक, हे लक्षात घेऊन वाचा. मुलाखतीत या वादाबद्दल विचारलं तर एक बाजू घेऊन ठासून बोलू नका. कोणी कशात मोजलं ते सांगा. पॅनेलला तेच ऐकायचं असतं.

प्राण्यांवरच्या कामाबद्दल एवढंच, की क्लिंडामायसिन दिलेला हॅमस्टर इतका नाजूक असतो की टॉक्सिन करणारे बरेच स्ट्रेन त्याला मारतातच. मेला की नाही यापेक्षा किती तासांत, हे बघावं लागतं. प्राण्यांसाठीच्या नैतिक समितीची परवानगी लागते. मी ते काम केलं नाही आणि करणारही नाही, तो माझा स्वभाव.

रुग्णांकडे वळलं की आणखी पंचाईत. रायबोटाइप कळला म्हणजे आजाराची तीव्रता कळेल, असं डॉक्टरांना वाटतं. २०१२ मध्ये मिशिगनच्या गटाला वय, इतर आजार वगैरे हिशेबात धरल्यावर तसं काही सापडलं नाही. पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डहून आलेल्या मोठ्या कामात स्ट्रेनच्या कुळाप्रमाणे मृत्यूंमध्ये फरक दिसला. मला वाटतं दोघंही बरोबर असू शकतात. ऐंशी वर्षांच्या, किडनी अधू झालेल्या आजींच्या पोटात मवाळ स्ट्रेनही जहाल ठरतो.

म्हणून सॅम्पलसोबत माहिती मागा. वय, कुठली अँटिबायोटिक्स, किती दिवस, पांढऱ्या पेशी, क्रिएटिनिन. यासाठी संस्थेच्या नैतिक समितीची मंजुरी लागते. फॉर्म मराठीतही करावा लागतो आणि त्या भाषांतरावर तुमचा पूर्ण आठवडा जाईल. मी पहिल्या मसुद्यात "आपल्या मलाचा नमुना संशोधनार्थ अर्पण करण्यास" लिहिलं होतं. समितीतल्या समाजसेविका ताईंनी ते वाचून माझ्याकडे जे पाहिलं, ते अजून विसरले नाही. "तपासणीसाठी दिलेल्या शीचा उरलेला भाग" असं लिहा, लोकांना कळतं.

वॉर्डातल्या मावशी आणि मामांशी ओळख ठेवा. जुलाबाचंच सॅम्पल हवं, घट्ट शी चालत नाही. हे नर्सपेक्षा त्यांना नीट समजावलं तर तुमचं निम्मं काम होतं. दिवाळीला फराळाचा डबा न्या. आणि बरं झालेल्या रुग्णाचं "गेला का बघू" म्हणून पाठवलेलं सॅम्पल तुलनेत धरू नका. लक्षणं गेल्यावरही जंतू रेंगाळतो.

पुण्यात या कामाला वातावरण चांगलं आहे. विद्यापीठात आणि कॉलेजांत मायक्रोबायोलॉजी जुनं आणि पक्कं आहे. एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) इथे एनसीआयएम आणि एनसीसीएस (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र) यांच्याकडे एनसीएमआर असे जंतूंचे दोन मोठे संग्रह याच शहरात आहेत. आघारकर संस्थेत हवेशिवाय जगणाऱ्या जंतूंवर काम झालेलं आहे. एमएस्सीचा प्रोजेक्ट कशावरही करा, पण अ‍ॅनेरोबिक हात बसलेला असेल असं बघा. तो पुढे विकत मिळत नाही. नेट-जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती निघाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं, पुण्यात एकट्याचं नीट भागतं. नाही निघाली तर प्रोजेक्टवर लागा, मीही तशीच लागले. जीनोम जुळवण्यापुरतं पायथन किंवा आर शिका. आणि इथला स्ट्रेन परदेशी सहकाऱ्याला पाठवायचा झाला तर जैवविविधता कायद्याची परवानगी आधी पाहा, कुरिअरवाला नंतर.

गेल्या महिन्यात नवीन मुलगा आलाय, सांगलीचा. परवा आलेख घेऊन आला, दोन आयसोलेट, एक दुसऱ्यापेक्षा कितीतरी उंच. मी काही बोलायच्या आत त्याने वही उघडून पुढे केली: वाढीचे आलेख, मीडियमचा बॅच नंबर, स्टार्टरचे तास, सगळं. मग जरा घुटमळून म्हणाला, "ताई, एकच झालंय. मीडियम बुधवारीच करून ठेवलं होतं, पण आपला हा गुरुवारचा प्रकार मला माहीतच नव्हता, लाइट गेल्यावर चेंबर सहा तास बंद होतं."

आम्ही दोघं कॅटॅलिस्ट भाजायला गेलो.